कृपया आकडा सांगा

"हा डोंगर कायमचा गेला, तर किती रुपये मिळाल्यावर आपलं समाधान होईल? कृपया आकडा सांगा," मोबाईल म्हणाला.

चिंधीने आधी मोबाईलकडे पाहिलं, मग तो धरून बसलेल्या, पाहणीसाठी आलेल्या समिधाकडे. "ही कोन बाय बोलतेय?"

"कुणी नाही, आजी. ॲप आहे. तुम्ही फक्त आकडा बोला. मी बोललेलं चालत नाही, तुमचाच आवाज लागतो."

त्यालाही कारण होतं. मागच्या पाहणीत समिधाच्या संस्थेच्याच दोन हुशार पोरांनी खाली पोशीरला चहाच्या टपरीवर बसून अख्ख्या वाडीची मतं भरून टाकली होती. ती इतकी एकमताची निघाली की संस्थेला संशय आला.

डोंगर वाडीच्या पाठीशीच होता. वाडीचं पाणी त्यातलं, सरपण त्यातलं, आणि चिंधीच्या ओट्यावर पाटीत भरून ठेवलेली शेवळंही त्यातलीच. ही रानभाजी वर्षातून पंधरा-वीस दिवस उगवते. दुपारच्या आत नेरळच्या बाजारात विकली तर भाजी, नाहीतर पाला. तिथे नेणारा हिरामणचा टेंपो खाली वळणावर येऊन उभाही राहिला होता.

"डोंगर फोडून खडी काढली तर किती मिळतील, ते कंपनीने कळवलंय," समिधा समजावून सांगू लागली. "तसाच ठेवला तर तुमच्या लेखी त्याची किंमत किती, ते आम्ही काढतोय. ज्याचा आकडा मोठा, तसं होणार. म्हणून नीट सांगा."

समिधा मनाने चांगली होती. डोंगर राहावा असं तिलाही वाटत होतं. पण तिचं वाटणं ॲप घेत नव्हतं.

"त्याला मोल नाय गं, बाय," चिंधी म्हणाली.

"आपण शून्य म्हणालात. बरोबर असल्यास 'हो' म्हणा."

समिधाने झडप घालून चिंधीच्या तोंडावर हात ठेवला. "बोलू नका! ॲपला 'मोल नाही' म्हणजे फुकट असंच कळतं."

दारात कोयत्याला धार लावत बसलेला चिंधीचा नवरा पदू म्हणाला, "एक कोटी सांग. सांगाया काय पैसं पडतात?"

"एक कोटी," चिंधी म्हणाली.

"आपलं वार्षिक उत्पन्न चाळीस हजार रुपये. त्या मानाने हा आकडा अवास्तव आहे. कृपया पुन्हा सांगा."

पदूने कोयता खाली ठेवला. "म्हंजे गरिबाच्या मागं उभा राह्यला म्हनून डोंगरबी गरीब? आन् कुना शेटच्या बंगल्यामागं असता तर?"

"तर कोटी चाललं असतं," समिधा म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"मंग मी सांगतच नाय," चिंधी म्हणाली. "ज्याला इकायचं नाय त्याचा भाव कशाला सांगू?"

"न सांगितलं तर 'हरकत नाही' अशी नोंद होते, आजी."

चिंधी विचारात पडली. मोल नाही म्हणावं, तर फुकट. खूप म्हणावं, तर खोटं. ऐपतीएवढं म्हणावं, तर खडीपुढे टिकायचं नाही. गप्प बसावं, तर कबूल. सशाला जाळं लावतात तेही एकाच बाजूने. हे चारी बाजूंनी होतं.

"आपला आवाज ऐकू आला नाही. कृपया आकडा सांगा."

तेवढ्यात खालून हॉर्न वाजला, आणि त्यामागोमाग हिरामणचा आवाज आला. "ए चिंधे! येतेस का जाऊ? आन् शेवळांची जुडी कितीला गं आज?"

चाळीस वर्षं बाजारात बसलेल्या बाईला भाव विचारला की तोंड डोक्याची परवानगी घेत नाही.

"पन्नास!" चिंधी ओरडली.

मोबाईलमध्ये छोटीशी घंटा वाजली. "पन्नास रुपये. उत्तर स्वीकारलं आहे. धन्यवाद." स्क्रीन हिरवीगार झाली.

समिधा त्या हिरव्यावर बोट घासत राहिली. मागे नेणारा बाण कुठे सापडेना. "आजी," ती रडवेली होऊन म्हणाली, "हे आता बदलता येत नाही."

"पन्नास लागलं?"

"हो."

"डोंगराला?"

"हो."

"पान्यासकट?"

समिधाने मान डोलावली.

चिंधीने लुगड्याची कनवटी सोडली. त्यातून घडी घालून घालून बोटाएवढी झालेली पन्नासची नोट काढली, मांडीवर सरळ केली आणि समिधाच्या मोकळ्या हातात ठेवली.

"घे. मी घेतला. पावती फाड."

"अहो आजी, असं नसतं..."

"भाव लागला ना? मंग? कमी हाय काय? मोजून घे."

"पण ॲपमध्ये घेणाऱ्यासाठी रकानाच नाही हो!"

"नसंल तर आख एक."

खाली पुन्हा हॉर्न वाजला, या वेळी लांबलचक. "अगं, टेंपो चालला," पदू म्हणाला.

"चालू दे."

"शेवळं सुकतील."

"सुकू दे. आज मी इकाया नाय बसली."

टेंपो उतार उतरून दिसेनासा झाला. समिधाच्या एका हातात मोबाईल होता आणि दुसऱ्या हातात नोट. ती खाली ठेवावी की धरावी, हे तिला कळत नव्हतं.

"कृपया पुढील घराकडे चला," मोबाईल म्हणाला.

समिधा उठायला लागली. चिंधीने तिच्या पिशवीच्या पट्ट्यावर पाय ठेवला.