एक नंबर फॅन

ऑगस्टीनने बिगुल पिशवीत घातला आणि वर केळीची पानं टाकली. मागच्या दाराने सटकायचा बेत होता, पण फ्लोरा तिथेच पाहुण्यांच्या जेवणाची पातेली विसळत बसली होती.

"नातीच्या कम्युनियनच्या दिवशीसुद्धा?" ती म्हणाली.

"सकाळी चर्चमध्ये मिस्साला होतो की. जेवायलाही होतो. आज फायनल आहे, फ्लोरा."

"पाच वाजता केक आहे. अँजेला आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटलीय, केक कापताना माझे आजोबा बिगुल वाजवणार म्हणून."

"येतो पाचपर्यंत."

चारला सुरू झालेली मॅच पाचला संपत नाही, हे तीस वर्षांत फ्लोरालाही पाठ झालं होतं. ती पुन्हा पातेल्यांकडे वळली.

उमेळे गावाच्या क्रिकेट टीमसाठी ऑगस्टीन तीस वर्षं बिगुल फुंकत होता. बिगुल त्याच्या बापाचा, लग्नाच्या बँडमधला. पूर्वी टीमचं नाव नुसतं 'उमेळे' होतं. पोरं मिळेल तो शर्ट घालून खेळायची आणि जिंकली की ऑगस्टीनच्या वाडीतल्या केळ्यांवर तुटून पडायची. तीन वर्षांपूर्वी एका बिल्डरने टीम विकत घेतली. आता ती 'रॉयल टायगर्स' झाली. खेळाडूंचा लिलाव होऊ लागला. अकरांत उमेळ्याचे दोनच उरले. ऑगस्टीनने तेही गिळलं. टीम आपलीच, म्हणत राहिला.

गिळता आला नाही तो अल्पेश.

अल्पेश एव्हरशाईन सिटीच्या बिल्डिंगांत राहणारा, तिशीचा, यंदाच उगवलेला. तोंडाला पिवळा रंग, डोक्यावर वाघाचे कान. ऑगस्टीनच्या आधी हजर, आणि उभा राहायचा तो नेमका ऑगस्टीनच्या शेजारी. ऑगस्टीनने हात वर केला की त्याचाही वर. ऑगस्टीनने आरोळी ठोकली की लगेच त्याची, दुप्पट मोठी. कॅमेरे त्याच्याकडे वळायचे. कॉमेंट्रीवाला त्याचं नाव घ्यायचा. ऑगस्टीनचं नाव माइकवरून तीस वर्षांत एकदाच पुकारलं गेलं होतं, तेही गेटसमोर स्कूटर आडवी लावली म्हणून.

जळफळाट व्हायचा त्याचा. जेवतानाही तोंडी अल्पेशच.

"सवत आणल्यासारखं काय करता?" फ्लोरा म्हणायची.

पण सगळ्यात जास्त खुपलं होतं ते वेगळंच. महिन्यापूर्वी टीम वाईट हरत होती. ऑगस्टीन बिगुल मांडीवर ठेवून खाली बसला. अल्पेश मात्र शेवटच्या बॉलपर्यंत नाचत होता, तोंडावर काळजीचा लवलेश नाही. याची श्रद्धा आपल्यापेक्षा मोठी आहे, असं ऑगस्टीनला वाटून गेलं. ते त्याला सोसलं नाही.

आज फायनलनंतर टीमचे मालक 'एक नंबर फॅन' जाहीर करणार होते. पुढच्या वर्षीच्या बॅनरवर त्याचा फोटो लागणार होता. ऑगस्टीनला फोटोची हौस नव्हती. तो अल्पेशचा नसावा, एवढंच.

गोखिवऱ्याचं मैदान खच्चून भरलं होतं. अल्पेश शेजारी होताच. सव्वापाचला फोन वाजला.

"आजोबा, बिगुल?" पलीकडून अँजेला.

"बाळा, तुम्ही केक कापा. माझी वाट बघू नका. तुझ्या वाढदिवसाला वाजवतो."

ऑगस्टीनने फोन खिशात टाकला.

"घरी काय आहे, काका?" अल्पेशने विचारलं.

"नातीचं पहिलं कम्युनियन."

"आज? आणि तुम्ही इथे?" अल्पेश त्याच्याकडे बघतच राहिला.

ऑगस्टीनची छाती फुगली. पहिल्यांदाच त्याने अल्पेशला मात दिली होती. त्याने बिगुल तोंडाला लावला आणि दम जाईपर्यंत फुंकला.

टायगर्स जिंकले. फटाके फुटले, कप उंचावला गेला. मालकांनी सगळ्यांचे आभार मानले, उमेळ्याचं नावही निघालं नाही. मग एक नंबर फॅन पुकारला गेला. अल्पेश.

ऑगस्टीन पिशवी हातात घेऊन उभा राहिला. राग यायला हवा होता, पण आली ती लाज. आज आपण टीमसाठी आलोच नव्हतो. या पोराबद्दलच्या मत्सरापायी नातीला दिलेला शब्द मोडला. निदान मोकळ्या मनाने त्याचं कौतुक तरी करावं, म्हणून तो स्टेजमागे गेला.

अल्पेश घाईघाईने तोंडाचा रंग पुसत होता.

"अभिनंदन," ऑगस्टीन म्हणाला. "खरं सांगतो, वर्षभर जळलो तुझ्यावर. तुझ्याइतका जीव लावणं मला नाही जमलं."

"काय काका, उलटं बोलता! जळतो तर मी तुमच्यावर. पहिल्याच दिवशी सर बोलले, त्या बिगुलवाल्या काकांना बघ आणि सेम टू सेम कर. मला क्रिकेट कुठे कळतं? मी तर तुम्हालाच बघत असतो."

"सर? कोण सर?"

"एजन्सीचे." अल्पेशने वाघाचे कान काढून खोक्यात ठेवले. इकडेतिकडे बघून तो जवळ आला. "एक विचारू? रागावू नका. माझ्या मुलीचं काही असतं ना, तर मी आजची मॅच घेतलीच नसती. तुम्ही नातीला सोडून आलात. काका, तुम्हाला एका मॅचचे किती देतात?"