मागचं डावं दार

सुटे भाग काढत गेलं की गाडी हलकी होते, स्प्रिंगांवर वर उठते. ही मात्र बसत चालली होती.

मुलीच्या गाडीचं मागचं डावं दार चेपलं होतं, म्हणून त्याने भंगारातून तसलीच जुनी गाडी आणली होती. मुलगी आज नोकरीच्या गावी निघणार होती, एकटीच. दाराबरोबर बाकीचंही कधीतरी उपयोगी पडेल म्हणून तो सकाळपासून घरच्या गॅरेजमध्ये खोलाखोल करत होता. डिकीचं झाकण काढलं, तर मागची डावी बाजू बोटभर खाली गेली. सीट काढली, तर आणखी.

"तुमच्यावर गेलीय," चहा घेऊन आलेली बायको म्हणाली. "एकदा बसली की उठायचं नाव नाही."

तो हसला. मग त्याने वाकून स्प्रिंग चाचपली. धड होती. आत काहीच उरलं नव्हतं.

दार शेवटी काढलं. अंगणात नेऊन मुलीच्या गाडीला बसवलं, आणि पाने-पक्कड आवरायला तो गॅरेजमध्ये परतला.

बाहेर ते दार धप्पकन लागलं. त्याच्यासमोरचा सांगाडा करकरत वर उठला.

तो धावला. मुलीची गाडी मागून डावीकडे कलली होती आणि फाटकाकडे सरकत होती. उघड्या खिडकीतून तिचा हसरा आवाज आला.

"बाबा, सोडायला येतोयस होय? मग मागे कशाला बसलास? पुढे ये ना."