भिंतीवरची आई

फोटोवरचा चंदनाचा हार डावीकडे दोन बोटं जास्त लोंबत होता. नऊ वर्षांत तो कुणी सारखा केला नव्हता. शलाका टीव्हीवर स्वतःचाच फोटो पाहत होती. मालिकेच्या पहिल्याच आठवड्यात तिनं साकारलेली आई वारली होती, आणि तेव्हापासून भिंतीवरून घरावर लक्ष ठेवून होती.

वाहिनीनं आज आजवरच्या सर्वश्रेष्ठ दहा व्यक्तिरेखा जाहीर केल्या. ही आई चौथी आली. त्याच मालिकेत रोज बारा तास राबणारी सून नववी.

लगेच निर्मात्यांचा फोन आला. "अभिनंदन, शलाकाताई. एक शब्द न बोलता चौथा नंबर. बोलला असतात तर दहाव्यावर गेला असतात." ते मनापासून हसले. "फोटो वापरायचं संमतीपत्र पाठवतोय. दरवर्षीसारखी सही करा. यंदा फोटो मोठा करतोय."

दरवर्षी सही घेताना ते सांगायचे, आई एकदा तरी मुलीच्या स्वप्नात येईल, दोन वाक्यं बोलेल. त्या दोन वाक्यांसाठी ती थांबली होती. दुसरीकडे ऑडिशनला गेली की ऐकून घ्यावं लागे, "तुम्ही तर गेलेल्या ना? प्रेक्षकांना पटणार नाही."

"आणि स्वप्नाचा प्रसंग?" तिनं विचारलं.

"आता कशाला, ताई? लोकांना तुम्ही अशाच आवडता."

तिनं टीव्ही बंद केला.

"सर, यंदा मी सही करणार नाही," ती शांतपणे म्हणाली. "माझा फोटो उतरवा."