प्लेटकडे बघायचं

चार किलो कांदा चिरून रत्नमालाबाईंची कंबर धरली होती. सिव्हिल हॉस्पिटलसमोरच्या चर्चच्या ओसरीत पोह्यांची रांग काही सरत नव्हती. आज रांग संपली की पाळकसाहेबांना सांगून टाकायचं, असं त्यांनी पक्कं केलं होतं. बास झालं, उद्यापासून दुसरं कुणीतरी बघा.

राग सगळा एस्तेरबाईंवर होता. पेशंटच्या नातेवाइकांना पाच रुपयांत पोहे द्यायची टूम त्यांचीच आणि नियमही त्यांचाच, की वाढताना प्लेटकडे बघायचं, तोंडाकडे नाही. ओळखीचे डोळे भेटले की माणसाला घास गिळवत नाही, म्हणायच्या. आणि महिन्यापूर्वी स्वतःच यायच्या बंद झाल्या. ना निरोप, ना फोन.

"जरा कमीच घाला," कुणीतरी पुटपुटलं.

प्लेट धरलेलं मनगट रत्नमालाबाईंनी लगेच ओळखलं. त्यावर भाजल्याचा डाग होता; कढईचा चटका बसला तेव्हा रत्नमालाबाईंनीच मलम लावलं होतं. बगलेत हॉस्पिटलची फाईल होती. तिच्यावर एस्तेरबाईंच्या यजमानांचं नाव आणि भरती झाल्याची गेल्या महिन्यातली तारीख.

हातातला डाव तसाच थांबला. मान वर करावी, चार शब्द सुनावावेत, गळ्यात पडावं, सगळं एकदमच मनात आलं. पण नियम घालून देणारीच आज प्लेट घेऊन उभी होती. त्यांनी प्लेट शिगोशीग भरली, वर लिंबाची फोड ठेवली.

"उद्याही या," पोह्यांकडे बघतच त्या म्हणाल्या. "मी आहे."