ओट्याची उंची

"खुर्चीवर बसायचं नाही, मग हिला खुर्ची म्हणायचं कशाला?" ओटेवाल्यानं भर दालनात विचारलं.

गळ्यात ओळखपत्र अडकवलेली बाई कसनुशी हसली. "काका, ही कल्पना आहे."

"मग कल्पनेला चार पाय कशाला लावलेत?"

"अहो, हळू बोला," त्याची बायको म्हणाली. ती नेहमीसारखी दोन पावलं मागे, खांदे पाडून, जरा वाकून चालत होती. पण डोळे चमकत होते. तिला सगळंच आवडत होतं. फुंकर मारली की रंग बदलणारी भिंत. जुन्या छत्र्यांचा तंबू. जिथे हात लावायला परवानगी होती, तिथे तिनं दोनदा लावला.

शहरातला हा डिझाइन महोत्सव जुन्या कारखान्याच्या शेडमध्ये दरवर्षी भरायचा. ओटेवाला आजवर तिकडे फिरकला नव्हता. आज आला, कारण लेकीनं तिथे आपली वस्तू मांडली होती. बापलेकीचं ठरलं होतं. वस्तू बापाला पटली, तर लेकीनं आपल्या वाटेनं जायचं. नाही पटली, तर सोमवारपासून मुकाट्यानं बापाच्या कामावर यायचं. ओटेवाल्यानं दुकानात तिच्यासाठी टेबलसुद्धा रिकामं करून ठेवलं होतं.

तो स्वयंपाकघरातले ओटे बांधायचा. अर्ध्या शहराचे त्यानंच बांधले होते आणि सगळे एकाच उंचीचे, बत्तीस इंच. त्याच्या बापानं एकदा आपल्या बायकोच्या कोपरावरून माप घेतलं होतं. तेच चालू राहिलं. गिऱ्हाईक बाई उंच असो की ठेंगणी, ओटा बत्तीस. "सवय होते," तो सांगायचा. बायका कंबर चोळत सवय करून घ्यायच्या. अर्धं शहर एका मेलेल्या म्हातारीच्या कोपराशी स्वयंपाक करत होतं, आणि ओटेवाला त्याला अनुभव म्हणत होता.

लेकीची जागा अगदी शेवटच्या कोपऱ्यात होती. तिथे एक ओटा, त्याच्या बाजूला इंचांची पट्टी आणि फिरवायचा दांडा, ओट्यावर ओल्या मातीचा गोळा. येणाऱ्यानं डोळे मिटून गोळा मळायचा. लेक दांडा फिरवून ओटा वर घेणार. अंगाला बरं वाटलं की "बस" म्हणायचं.

"एवढंच?" ओटेवाला म्हणाला. "ह्यासाठी चार वर्षं शिकलीस?"

"एवढंच." लेकीनं दांडा दोन्ही हातांनी धरला. "आई, तू ये."

"बत्तीसला थांबणार. लिहून घे माझ्याकडून." ओटेवाला हात मागे बांधून उभा राहिला.

आईनं डोळे मिटले. माती मळायला लागली. ओटा हळूहळू वर आला. बरोबर बत्तीस इंचांवर ती म्हणाली, "बस."

ओटेवाल्याची छाती फुगली.

"आई, बाबांना बरं वाटावं म्हणून सांगू नकोस," लेक म्हणाली. "कंबरेला विचार."

भोवती जमलेल्या बायका हसल्या. आईनं गोळा पुन्हा एकदा दाबून मळला. मग हळूच म्हणाली, "जरासं वर."

दांडा फिरला.

"अजून."

"आता?"

"अजून. घाबरतेस काय, फिरव की!"

"अगं, छताला लावतेस का ओटा?" ओटेवाला ओरडला. कुणी लक्ष दिलं नाही. बायकोचे खांदे मागे गेले. मान वर आली. घडी उलगडावी तशी तिची पाठ उलगडत गेली. एका बाईनं टाळी वाजवली.

"बस," ती म्हणाली. भला मोठा श्वास घेतला, डोळे उघडले आणि खाली, नवऱ्याकडे पाहिलं.

ओटेवाल्यानं आधी तिच्या पायांकडे पाहिलं. सपाट चपला. मग फरशीकडे पाहिलं, पायाखाली फळीबिळी आहे का. नव्हती. मग त्याला मान वर करावी लागली.

"अगं, तू कधी वाढलीस?"

"ह्या वयात वाढतेय कशाला? होतेच मी." हाताची माती झटकत ती हसली. "तुम्ही पहिल्यांदा आमच्या घरी आलात ना, तेव्हा आई माझ्या कानात म्हणाली, मुलगा चांगला आहे, पण उंचीनं बेताचा आहे. जरा वाकून उभी राहा. राहिले. मग लग्न झालं. मग तुमचा ओटा. सरळ व्हायचं राहूनच गेलं."

ओटेवाल्यानं तिच्या कंबरेसाठी मलमं आणली होती, पट्टे आणले होते, शेकायच्या पिशव्या आणल्या होत्या. मायेनं आणल्या होत्या. त्याला एवढंच सुचलं होतं. तो ओट्याकडे बघत राहिला, मग बायकोकडे. त्याचा चेहरा लाल झाला. आता हा भडकणार, असं लेकीला वाटलं.

"उद्या घरचा ओटा फोडायचा," तो लेकीला म्हणाला. "घण मी घालतो. माप तू घे. आणि सोमवारी कामावर येऊ नकोस. मीच तुझ्याकडे येतो."

लेकीनं बापाला मिठी मारली. दांड्याचं वंगण त्याच्या सदऱ्याला लागलं. आता बायकांची रांग लागली होती. प्रत्येकीला बत्तीसच्या वर काय आहे ते बघायचं होतं.

तेवढ्यात महोत्सवाचा फोटोग्राफर आला. "तिघं उभे राहा. छान. काकू, तुम्ही जरा वाका. काका बुटके दिसतायत."

बायकोचे खांदे लगेच पुढे आले.

"खबरदार वाकलीस तर!" ओटेवाला असा गरजला की अख्खी शेड वळून बघायला लागली. "बुटका आहे मी. बुटकाच दिसू दे!"