तपासलेलं दूध

कारखान्याच्या वसाहतीत माझी मुलगी आणि शेजारच्या वहिनींचा मुलगा एकाच आठवड्यात झाले. गेल्या महिन्यात नळाच्या पाण्याला वास यायला लागला, तेव्हा वहिनींचे मिस्टर, म्हणजे भावजी, कारखान्यातर्फे आम्हा बाळंतिणींच्या दुधाचे नमुने प्रयोगशाळेत घेऊन गेले, प्रत्येक बाटलीवर तारीख घालून.

सात तारखेला रिपोर्ट आला. "काही नाही त्यात. खुशाल पाजा," भावजी चपला घालता घालता म्हणाले.

तरी कामावर परत जायचं म्हणून मी वरचं दूध सुरू करायच्या विचारात होते. वहिनींनी मला वेड्यातच काढलं. "अंगावरचं सोडून डब्याचं? पाणी उकळा, निववा, बाटल्या धुवा. पोर सारखं आजारी पडेल ते वेगळंच. थोडी कळ काढ गं."

मला पटलं.

काल वाटीभर साखर मागायला गेले. "घे हाताने," वहिनी आतून म्हणाल्या. मी चुकून ओट्याखालचं कपाट उघडलं. आत विकतच्या पाण्याच्या बाटल्या होत्या आणि बाळाच्या दूध पावडरचे चार रिकामे डबे.

प्रत्येक डब्यावर, तो कधी फोडला ते भावजींच्या अक्षरात लिहिलेलं होतं.

पहिल्या डब्यावर सात तारीख होती.