भुरीच्या कानात

"सांग तुह्या मालकिणीले, वरणात मीठ नाही," केशवराव भुरीच्या कानाशी वाकून पुटपुटले.

भुरीने तोंड उघडलं आणि मिटलं. आवाज काढला नाही. तेवढ्यात स्वयंपाकघरातून प्रेमलताबाई आल्या, मिठाची बरणी ताटाशेजारी ठेवली आणि तशाच परत गेल्या.

केशवराव बरणीकडे बघतच राहिले. मांजरीने निरोप पोचवला तरी कधी?

घरात दिवाळीपासून अबोला होता. चूक केशवरावांचीच होती, आणि आपल्या मनाशी ते ती कबूलही करत. भाऊबीजेला पाहुण्यांदेखत ते बायकोवर खेकसले होते, "तोंडातल्या तोंडात काय पुटपुटते वं? बोलायचं तर नीट बोल, नाही तर चूप राय."

तेव्हापासून बाई जी चूप राहिली ती राहिलीच. काही सांगायचं असलं की कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवायची. 'सिलेंडर संपलं.' 'पुण्याहून लेकीचा फोन होता.' अडतीस वर्षांच्या संसारानंतर बायकोने चिठ्ठ्या लिहाव्यात, याचं केशवरावांना फार वाईट वाटे. पण माघार घेणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. मग ते भुरीशी बोलू लागले.

भुरी एके काळी भलतीच वाचाळ होती. दुधाच्या पिशवीला कात्री लागली की घर डोक्यावर घ्यायची. पण अबोल्यात तीही मालकिणीच्या बाजूने गेली, फितूर कुठली. नुसतं तोंड उघडायचं आणि मिटायचं. बाकी उत्तरं मात्र चोख. डोळे मिचकावले की हो, शेपटी आपटली की नाही, आणि पाठ फिरवली की तुमचं तुम्ही बघा.

एरवी केशवरावांना शांतता प्रियच. अठ्ठावीस वर्षं त्यांनी बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात मागांच्या खडखडाटात काढली होती. हुडकेश्वरला घर बांधलं तेच मुळी निवांतपणासाठी. अलीकडे तर कचऱ्याची गाडीसुद्धा गाणं न लावता यायची. बरं झालं, कोणी तरी तक्रार केली असेल, असं त्यांना वाटलं होतं.

त्यांचं डोकं चक्रावलं होतं ते वेगळ्याच कारणाने. भुरीच्या कानात सांगितलेलं बाहेर फुटत होतं.

परवा अंगणात कोणी नाही असं बघून ते कुजबुजले होते, "पाटोडीचा रस्सा खाऊन किती दिवस झाले, भुरे." दुसऱ्या दिवशी ताटात पाटोडी. काल ते म्हणाले, "थे मिनल स्कूटी नेमकी आपल्याच फाटकासमोर लावते. मोठी शहाणी." संध्याकाळी शेजारच्या मिनलने स्कूटी हलवली आणि जाता जाता त्यांच्याकडे बघून नाक मुरडलं.

"तूच सांगून राहिली ना सगळ्यायले?" त्यांनी दरडावून विचारलं.

भुरीने शेपटी आपटली.

दूध घालणारा भैय्याजी पहाडी आवाजाचा माणूस. त्याने दुसऱ्या दिवशी पिशव्या हातात देता देता म्हटलं, "काकाजी, मांजरीले काहून सांगता? काकूशीच बोला ना जी."

केशवरावांच्या हातून पिशवी निसटता निसटता राहिली. "तुले कोणं सांगितलं गा?"

भैय्याजी हसला, भुरीकडे बोट दाखवलं आणि सायकलवर बसला. केशवराव तिथेच उभे राहिले. मांजर घरात बोलत नाही आणि गावभर बोलते, हा काय प्रकार आहे ते त्यांना कळेना.

शनिवारी कॅलेंडरमागे नवी चिठ्ठी आली. 'सोमवारी दहाला तयार राहा. धंतोलीत जायचं आहे. पुष्करने वेळ घेतली आहे.'

पुष्कर म्हणजे प्रेमलताबाईंचा भाचा. वकील होता. धंतोलीत त्याचं ऑफिस होतं, आणि नवरा-बायकोची भांडणं सोडवण्यात नव्हे, संसार मोडून देण्यात त्याचं नाव होतं. पासष्टीला काडीमोड घेणार ही बाई. दिवसभर त्यांना घास गोड लागला नाही.

दुपारी प्रेमलताबाई अंगणात कुरडया वाळत घालत होत्या. केशवराव भुरीला उचलून माडीवर गेले, दार लावलं आणि तिला मांडीवर घेतलं.

"हे मात्र कोणाले सांगू नको," ते अगदी हळू म्हणाले. "माहं चुकलं. तिच्याशिवाय मले जमत नाही. तिचा आवाज ऐकायले तरसून गेलो मी, भुरे. एक डाव हाक मारली तरी पुरे."

भुरीने डोळे मिचकावले.

ते खाली आले तेव्हा प्रेमलताबाई जिन्यापाशी पदर डोळ्यांना लावून उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलले, पण शब्द काही आला नाही. केशवरावांनी मान खाली घातली. एवढं होऊनही ती बोलत नाही म्हणजे तिचं ठरलंच आहे, असं ते धरून चालले.

सोमवारी दोघं ऑटोने गेले. पुष्कर खालीच थांबला होता. तो त्यांच्या पाया पडला आणि आपल्या ऑफिसशेजारच्या एका काचेच्या खोलीत घेऊन गेला. तिथे बसलेल्या मुलीने कागद पुढे केला. केशवरावांनी तो वाचलाही नाही. तिने बोट ठेवलं तिथे सही केली आणि डोळे मिटून घेतले. होऊ दे तिच्या मनासारखं.

कानाला काहीतरी गार लागलं.

एकदम सगळे माग सुरू झाल्यासारखा डोक्यावरचा पंखा खडखडला. खाली कोणाचा तरी हॉर्न वाजला. केशवरावांनी दचकून डोळे उघडले. समोर प्रेमलताबाई होत्या, त्यांचे ओठ हलत होते, आणि या वेळी शब्दही येत होते.

"आलं का ऐकू? भुरीच्या कानात सांगता थे चार घरं ऐकू जाते तुमचं. अन् एक डाव हाक मारली तरी पुरे म्हणता. दिवाळीपासून रोज मारूनच राहिले ना जी मी."